लगाम आवळला की नाचणारी घोडी: पलूस तालुक्यातलं एक प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी. घोडी मळ्यात गरीब, रस्त्याला लागली की अंगात आल्यासारखी जागच्या जागी पाय आपटत राहते, आणि लगाम ओढला की मागच्या दोन पायांवर उभी राहते. मालक पलूस तालुक्यातले द्राक्षबागायतदार. घोडी घेतली ती अकरावीत शिकणाऱ्या मुलीसाठी. तिनं सुट्टीतल्या एका शिबिरात स्वारीचे धडे घेतले होते आणि तेव्हापासून घरी घोडं हवं म्हणून धोशा लावला होता. घोडी आली, पहिल्या काही दिवसांतच मुलगी उसाच्या सरीत पडली. लागलं नाही, पण घरात दोन तट पडले. आई म्हणते, आधी ही ब्याद घालवा. चुलते म्हणतात, काटेरी लगाम घाला, चार दिवसांत सरळ येईल. गावातल्या एका जाणत्यानं पोटाखालची गोम, म्हणजे अशुभ मानतात तो केसांचा भोवरा, दाखवली आणि मान हलवली. मालकांनी मला फोन केला तो या टप्प्यावर. "मास्तर, एकदा बघून जावा. खोड जाणार आसंल तर ठेवतो, न्हाईतर पाडव्याच्या आत काढून टाकतो."

हे सविस्तर लिहायचं कारण असं की आपल्याकडं अशी घोडी पुष्कळ आहेत. वरातीत नाचवायला तयार केलेलं जनावर पुढं स्वारीसाठी विकलं जातं. घेणारा रंग बघतो, उंची बघतो, कान बघतो. त्या जनावराला लगामाचा अर्थ काय शिकवलाय, हे ना कुणी विचारत ना कुणी सांगत.

घोडी आणि तिचं ठाण

रंग कुमैत, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. कानांची टोकं एकमेकांना टेकणारी मारवाडी. उंची ६० इंच. दिवाळीनंतर अकलूजच्या घोडेबाजारात घेतलेली. विकणाऱ्यानं वय सात सांगितलं होतं. मी वरचा ओठ उचलून कोपऱ्यातला दात पाहिला. हिरडीपासून एक तपकिरी खाच निघून दातावर थोडी खाली उतरली होती. ही खाच साधारण दहाव्या वर्षाच्या सुमाराला दिसू लागते आणि पंधराच्या आसपास दाताच्या मध्यापर्यंत पोचते. एखाद-दोन वर्षांचा फरक पडतो, पण सात वर्षांच्या घोडीला ती दिसणार नाही. अकरा-बारा तरी धरायला हवीत. मालकांचं तोंड उतरलं. मला मात्र त्यातून एक हिशेब लागला: तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिकवायला घेतली असेल तर सात-आठ लग्नसराया तिच्या पायाखालून गेल्या होत्या.

घोडीचं सगळं बघणारे मामा मालकांच्या आजोळकडचे. बैलांत हयात गेलेली, घोड्याची सवय नवी, पण नजर पक्की. बाजारातला सौदा कसा झाला ते त्यांनीच सांगितलं. "पलीकडं हलगी वाजली तशी ही उभ्या जागी पावलं टाकाय लागली. गर्दी जमली. आपलं साहेब म्हनलं, हीच घ्यायची." म्हणजे ज्या गुणावर घोडी घेतली, त्याचीच आता तक्रार चालली होती.

ठाणावर बघितलं ते असं. दिवसभर अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून बांधलेली, संध्याकाळी तासभर मोकळी. दोन वेळा भरडलेल्या हरभऱ्याची भरपूर चंदी, वर गूळ. हिरव्यात उसाचं वाढं, कारण हंगामात ते फुकट मिळतं. कडबा वैरणीपुरता नावाला. घोड्याचं पोट दिवसातले बरेच तास थोडंथोडं चघळण्यासाठी घडलेलं आहे. त्याला दोन टोपली दाणे घालून तेवीस तास दोरावर उभं ठेवलं तर ती ताकद कुठून तरी बाहेर पडणारच. शिवाय वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. गुरांना तोंडी लावण्यापुरतं ठीक, घोड्याचा मुख्य चारा म्हणून नको. पहिला बदल इथंच केला. चंदी अर्ध्यापेक्षा कमी, गूळ बंद, ज्वारीचा कडबा आणि वाळलेलं गवत दिवसभर समोर, आणि बेदाणा शेडच्या मागचं तारेचं कुंपण घातलेलं रान तिला मोकळं. मामांना हे पटलं नाही. चंदी तोडली तर घोडी उतरंल, लोक नावं ठेवतील, असं त्यांचं मत. ती उतरली नाही, पण पहिला महिनाभर मामा रोज तिच्या बरगड्यांवरून हात फिरवून माझ्याकडं बघायचे.

तोंड आणि पाठ

कुठल्याही घोड्याच्या वागण्याबद्दल बोलण्याआधी दुखतंय का हे बघावं, हा माझा नेम आहे. मुलीनं पडण्याआधीचा एक व्हिडिओ मोबाइलवर ठेवला होता. ब्रिटनमधल्या अश्ववैद्य सू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या वेदनेसाठी चोवीस लक्षणांची एक यादी केली आहे; आठ किंवा त्याहून जास्त दिसली तर शरीरात कुठं तरी दुखत असण्याची शक्यता मोठी. कान सलग मागं, तोंड उघडं, शेपटीचे सपके, मान वाकडी, आपसूक चाल बदलणं, मागच्या पायांवर उभं राहणं, अशी ती लक्षणं. व्हिडिओत आठाचा आकडा सहज ओलांडला. पण इथं एक अडचण होती. पाय आपटणं आणि उभं राहणं हे या घोडीला शिकवलेलं असू शकत होतं, त्यामुळं ती दोन लक्षणं वेदनेच्या खात्यात टाकता येत नव्हती. तोंड उघडणं आणि शेपटीचे सपके मात्र कुणी शिकवत नाही.

सांगलीहून पशुवैद्य आले, तोंडात हात घालून दाढा तपासल्या. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा चाकूसारख्या झालेल्या, गालाच्या आतल्या बाजूला त्यांचे ओरखडे. वरून नाकावरची पट्टी कचकचून बांधलेली, म्हणजे गाल आपोआप त्या कडांवर दाबला जाणार. ओठाचा डावा कोपरा पूर्वी कधी तरी फाटून जुळलेला. आणि जिथं कडी, म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी भाग, बसते ती खालच्या जबड्यावरची बिनदातांची जागा, तिथं हाडावर एक जुनी गाठ आणि शेजारी ताजी जखम. त्या जागी कातडीखाली लगेच हाड असतं, मांस जवळजवळ नाहीच. वरातीच्या जुन्या लगामाच्या कडीला आतून चार बोथट खिळे होते, ते मालकांनी घरी आणल्यावर काढले होते, एवढं त्यांचं चांगलं. काटेरी कडी किंवा दात असलेलं सामान वापरणं १९६५च्या ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या केंद्रीय नियमांनीच मना आहे, हे मी चुलत्यांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "आसंल. पर वापरत्यात की सगळी."

पाठीवर, आयाळ संपते त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना, रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके होते. खोगीर काचून जखम झाली आणि भरली की तिथं पुन्हा येणारे केस पांढरे येतात. आता दाबून बघितलं तर ती दचकली नाही, म्हणजे ते जुनं दुखणं. तरी खोगीर बदललं आणि खाली जाड नमदा दिला.

दाढा घासून झाल्या. तोंडातली कडी काढून टाकली, जखम भरेपर्यंत कुणी बसायचं नाही असं ठरलं. घरच्यांना वाटलं झालं काम, दुखणं गेलं की नाच थांबेल. जखम भरली. नाच तसाच होता.

हातात दोर घेऊन

जखम भरत होती त्या दिवसांतच बेदाणा शेडच्या मोकळ्या जागेत मी तिला म्होरकी, म्हणजे बिनकडीचा तोंडावरचा दोरपट्टा, आणि सुती दोर लावून घेतलं. कडी नाही, खोगीर नाही, पाठीवर माणूस नाही, हलगी नाही. एकेक गोष्ट सुटी करून बघायची होती.

दोर सैल सोडून चाललो. ती मागोमाग आली, मान खांद्याच्या रेषेत, खालचा ओठ लोंबता. थांबलो. मग ओढ न देता दोराचा हात फक्त वर उचलला, माझ्या छातीपर्यंत. मान वर गेली, पाठ खाली बसली, वजन मागं सरकलं आणि पुढचे पाय आलटून पालटून उचलायला सुरुवात झाली, गुडघ्यापर्यंत, एका ठेक्यात. हात खाली केला. थांबली. पुन्हा वर. पुन्हा ठेका. मग दोर सैल ठेवून, तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या जागेमागं, जिथं स्वाराची टाच लागते तिथं अंगठा टेकवला. तोच ठेका, जास्त जलद. दोन्ही एकदम केल्यावर पुढचा भाग वीतभर जमिनीवरून सुटला. अंगठा काढला, हात खाली घेतला, आणि ती उभी राहून माझ्याकडं एक कान वळवून बघू लागली.

मुलगी कुंपणापाशी उभी होती. "म्हणजे सर, मी जे करत होते, तेच ती नाच म्हणून घेत होती?"

होय, तेच. वरातीची घोडी घडवायची रीत साधारण अशी असते. दोन खांबांमध्ये किंवा दोन माणसांच्या हातात दोन्ही बाजूंनी आवळून धरतात, म्हणजे पुढं जाता येत नाही. मग पायाच्या नळीवर काठीनं टिपं मारतात. पाय उचलला की टिपं थांबतात. पाय उचलण्याला हलगीचा ठेका जोडतात. मग वर माणूस बसतो, लगाम आखडून धरतो आणि टाच लावतो. घोड्याला त्यातून पक्कं कळतं की लगाम आवळलेला आणि टाच लागलेली, म्हणजे जागच्या जागी पाय उचलायचे. आणखी वर ओढलं तर उभं राहायचं. उभं राहिलं की ओढ सुटते. ज्या क्षणी त्रास सुटतो त्या क्षणी जे केलेलं असतं, घोडा ते शिकतो. ही शिकवण क्रूर असेल, पण शिकवण म्हणून ती पक्की होती आणि घोडीनं ती चोख पाठ केलेली होती. युरोपातल्या जुन्या स्वारीशाळांत पियाफ नावाची जवळजवळ हीच चाल शिकवतात. नीट शिकवणारे त्यासाठी वर्षं खर्च करतात आणि घोड्याचं तोंड मऊ राहतं. आपल्याकडं तोच पल्ला एका उन्हाळ्यात गाठायची घाई, म्हणून तोंडाची ही दशा.

आता मुलीचं बघा. शिबिरात तिला शिकवलं होतं: लगाम हातात घट्ट धरा, घोडा पुढं न्यायला टाच लावा. चुकीचं काही नाही. तिनं लगाम घेतला, टाच लावली, घोडी नाचू लागली. घाबरून लगाम आणखी आवळला, पायांनी पोट आणखी घट्ट धरलं. घोडीला आज्ञा मिळाली की जोरात नाच, उभी रहा. उभी राहिली तशी मुलगी लगामाला लोंबकळली. ही यातली सगळ्यांत धोक्याची गोष्ट. घोडा उभा असताना लगामाला वजन दिलं तर तो पाठीवर उलटू शकतो, स्वारासकट. अशा वेळी हात पुढं सोडायचे, अंग घोड्याच्या मानेकडं झुकवायचं, आयाळ धरायची, आणि चारी पाय खाली आले की सरळ पुढं काढायचं. मुलगी सरीत पडली आणि घोडी तिच्यावर पडली नाही, हे नशीब. काटेरी कडी घातली असती तर हाच फेरा दुप्पट वेगानं फिरला असता.

काय ठरवलं

जुनी शिकवण पुसायचा प्रयत्न करायचा नाही, असं मी ठरवलं. सात-आठ वर्षं घटवलेलं पुसलं जात नाही, फार तर झाकलं जातं, आणि भीतीच्या वेळी वर येतं. त्यापेक्षा स्वारीच्या खुणा अशा निवडायच्या की त्यांचा नाचाच्या खुणांशी गोंधळच होणार नाही. नाचात हात वर आणि मागं येतो, म्हणून स्वारीत हात कधीही वर किंवा मागं नाही, फक्त एका बाजूला. नाचात दोन्ही लगाम एकदम आवळतात, म्हणून आपण एका वेळी एकच वापरायचा. टाच बाद, पोटरीचा हलका स्पर्श आणि त्याच्या आधी आवाज. थांबण्याचा शब्दही नवा लागला, कारण मामा तिला शांत करायला "हां हां हां हां" असं ठेक्यात म्हणत आणि तो ठेका ऐकून ती आणखी पाय उचलत असे. एकच, लांब, खालच्या सुरातला "थांब" घेतला. मामांना ती सवय मोडायला घोडीपेक्षा जास्त दिवस लागले, हे ते स्वतःच हसत सांगतात.

सुरुवात मान खाली घेण्यापासून केली. कानांमागं दोन बोटं टेकवायची, ढकलायचं नाही, नुसती टेकवून वाट बघायची. पहिल्यांदा तिनं मान वरच ताणली. बोटं तिथंच ठेवली. बोटाच्या पेराएवढी मान खाली आली तशी बोटं उचलली आणि आयाळीच्या मुळाशी खाजवलं. घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा, आणि तिथं खाजवल्यानं नाडी संथ होते हे मोजून दाखवलेलं आहे. मामांना मी जबड्याखालच्या कडेवरची नाडी धरायला शिकवली. शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. दूर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला की तिची किती चढते आणि किती वेळात उतरते, हे मामा घड्याळ लावून बघू लागले. हा त्यांचा आवडता उद्योग झाला. आधी त्यांच्या दृष्टीनं घोडी एक तर शहाणी असायची नाही तर माजलेली. आता ते "आज उतराय टाइम लागला" असं बोलू लागले, आणि माझ्या मते या प्रकरणातली निम्मी लढाई तिथं जिंकली गेली.

त्यानंतर बाजूला वळणं. लगाम उघड्या दरवाज्यासारखा बाजूला न्यायचा, नाक वळलं की सोडायचं. मागचा पाय दुसऱ्या पायापुढून आडवा टाकायला लावायचा. याचा उपयोग वळण्यापुरता नाही. उभं राहायला घोड्याला मागचे दोन्ही पाय बरोबरीनं जमिनीत रोवावे लागतात. एक पाय आडवा पडत असेल तर उभं राहणं जमत नाही. म्हणजे नाच सुरू होतोय असं वाटलं की ओढण्याऐवजी एक लगाम बाजूला घेऊन मागचा भाग दोन पावलं सरकवायचा आणि लगेच सैल सोडायचं. हे जमिनीवरून इतकं घोटलं की नुसता हात बाजूला गेला तरी ती पाय आडवा टाकू लागली.

कडीऐवजी नाकपट्टीवर चालणारा लगाम लावला. कडी नसली की घोड्याला दुखत नाही असं मात्र नाही. नाकाचं हाडही नाजूक असतं आणि आडदांड हातात नाकपट्टीही जाच करते. इथं तिचा फायदा एवढाच होता की जुन्या आठवणी तोंडात होत्या, नाकावर नव्हत्या.

मुलीचे हात

घोडीइतकाच वेळ मुलीवर दिला, आणि तोही बहुतेक घोडीविना. एक दोर घेतला. घोडी म्हणून मी डोळे मिटून दोराची दोन टोकं धरली, स्वार म्हणून ती माझ्या मागं. तिला सांगितलं, काही करू नकोस, नुसतं डाव्या अंगाच्या शेडकडं बघ. तिनं मान वळवली आणि माझ्या डाव्या हातातला दोर केसभर सैल झाला. तिला पत्ता नव्हता. श्वास रोखला की दोर ताठ. ट्रॅक्टरचा आवाज आला की खांदे वर आणि दोन्ही दोर ताठ. ती हे मानायलाच तयार नव्हती, म्हणून जागा बदलल्या. माझे हात तिनं ओळखले तेव्हा पटलं.

घोडा किती बारीक वाचतो याची नोंदलेली कहाणी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ मध्ये समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं उलगडा केला: विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की हान्सही चुकायचा. बरोबर आकड्याशी खूर आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा ते बघून थांबायचा. आपलं डोकं हलतंय हे फुंग्स्टला समजल्यावरही ते थांबवणं त्याला अवघड गेलं. मुलीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं विचारलं, मग घाबरायचंच नाही का? घाबरणं कुणाच्या हातात नसतं. घाबरल्यावर हात कुठं जातात ते मात्र घोटून घेता येतं. म्हणून घोडीच्या गळ्यात एक चामडी पट्टा घातला. भीती वाटली की लगाम सोडून तो पट्टा धरायचा आणि श्वास आवाज करून बाहेर सोडायचा. हे तिनं बाकावर, कठड्यावर, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून घोटलं.

पहिल्यांदा पुन्हा वर बसली तेव्हा दोर माझ्या हातात होता आणि लगामाला तिनं हातही लावायचा नव्हता. हेल्मेट, टाचेचे बूट, रिकिबीत फक्त चवडा. "चल" म्हटलं, पोटरी टेकली, घोडी दोन पावलं उचलून टाकते की काय असं वाटलं आणि मग सरळ चालू लागली. पुढं लगाम सैल धरून, मग एक-एक बाजू. दुडकीपर्यंत पोचायला संक्रांत उजाडली.

मध्येच एका रविवारी पाहुणे आले, आणि चुलत्यांनी हौसेनं घोडी बाहेर काढून, लगाम आखडून, टाळ्यांच्या ठेक्यावर नाचवून दाखवली. व्हिडिओ निघाले, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी मुलीनं लगाम हातात घेताच पाय उचलणं सुरू. दोन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं असं मुलगी म्हणाली. तसं झालं नव्हतं, एक पाऊल मागं आलो होतो. पण नियम करावा लागला आणि तो मालकांनीच केला: घोडीला हात लावायचा तो मुलीनं, मामांनी आणि मास्तरांनी. चुलते काही दिवस बोलले नाहीत. अशा कामात घोड्यापेक्षा घरातली माणसं जड जातात, हा माझा अनुभव पलूसपुरता नाही.

उसाचा ट्रॅक्टर

हंगामात या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, वर कर्णे, त्यावर गाणी. या घोडीसाठी त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या: अंगावर येणारं धूड, आणि ठेका. दोन्ही एकदम शिकवता येत नाहीत. ओळखीच्या एका ड्रायव्हरला विनंती करून रिकामा ट्रॅक्टर गाण्याविना मोकळ्या रानात सावकाश पुढं चालवायला लावला आणि घोडीला त्याच्या मागं, बरंच अंतर ठेवून. आपल्यापासून लांब जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती कमी वाटते, उलट कुतूहल वाटतं. हळूहळू ती स्वतःच अंतर कमी करू लागली. ट्रॅक्टर थांबला की तीही थांबायची, मग नाक पुढं करून ट्रॉलीची फळी हुंगायची. ते झाल्यावर बाजूनं जाणारा, मग समोरून येणारा. गाणी सगळ्यांत शेवटी, आधी मोबाइलवर बारीक आवाजात, घोडी कडबा खात असताना. जिथं मान वर जाते त्याच्या अलीकडचा आवाज धरायचा. मान गेलीच तर आवाज कमी करून पुन्हा. ज्यांना घाई असते ते घोड्याला कर्ण्यापाशी बांधून ठेवतात आणि घोडा शेवटी हलायचा थांबला की सरावला म्हणतात. तो सरावलेला नसतो, त्यानं आशा सोडलेली असते, आणि असं जनावर कधी उसळेल याचा भरवसा नाही.

रोजच्या फिरण्यासाठी मात्र रस्ता बदलला. कालव्याच्या भरावावरची वाट बागेपासून जवळ आहे, तिथं ट्रॅक्टर येत नाहीत. सगळं शिकवून सोडवायला हवं असं नाही, काही गोष्टी टाळता येतात.

शिवजयंती

१९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीला मंडळाच्या पोरांनी घोडी मागितली. माझं मत स्पष्ट नाही असं होतं. मालकांची अडचणही खरी होती. पंचकल्याणी घोडी दारात असून महाराजांच्या मिरवणुकीला दिली नाही, असं गावात कोण ऐकून घेणार? तडजोड अशी निघाली की घोडी जाईल, पण स्वाराशिवाय, म्होरकीवर, मामांच्या हातात, दोर सैल.

हलगी सुरू झाली आणि ती नाचली. दोर सैल असूनही नाचली, म्हणजे हलगी ही स्वतंत्र आज्ञा आहे, तिला लगामाची गरज नाही. मामांनी ओढलं नाही, हात खाली ठेवला. हलगी थांबली की ती थांबायची. बाकी काही गडबड झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कालव्यावर गेली आणि घोडी सैल लगामावर दुडकीनं गेली, आली. आदल्या दिवशीच्या नाचाचा मागमूस नाही. चुलत्यांनी पाहुण्यांपुढं नाचवली तेव्हा असं झालं नव्हतं, कारण तेव्हा वापरलेली खूण लगामाची होती. मिरवणुकीनं दाखवलं की घोडी आता दोन्ही वेगळं ठेवू शकते. तरी मी दरवर्षी हे करा असं म्हणणार नाही. गर्दीत दोर धरणारा माणूस मामांऐवजी दुसरा असला की चित्र बदलेल.

सध्याची स्थिती

पाडव्याला घोडी ठाणावरच होती. मुलगी एकटी भरावावरून जाते, चाल आणि दुडकी पक्की. भरधाव अजून मोकळ्या रानात आणि माझ्यासमोरच, कारण वेग वाढला की तिचे हात अजून वर येतात आणि हात वर आले की घोडी जुना प्रश्न विचारते. जवळपास हलगी वाजत असेल तर खाली उतरून घोडी हातानं घेऊन जायची, हे दोघींसाठी ठरलेलं आहे. दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं नाही; घोडी वाईट म्हणून नव्हे, तिच्या खुणा आता नेहमीच्या घोड्यापेक्षा वेगळ्या आहेत आणि नवा स्वार सवयीनं दोन्ही लगाम आवळणारच. वरातीसाठी तिला दुप्पट भावानं मागणी आली होती, मालकांनी नकार दिला. पुढं कधी विकायची झाली तर घेणाऱ्याला हे सगळं सांगून विका, वयासकट, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

कडीचा प्रश्न शिल्लक आहे. मुलीला पुढं स्पर्धेत उतरायचं आहे आणि तिथं काही प्रकारांत कडी लागते. दिवाळीच्या सुमाराला दाढांची पुढची तपासणी आहे. जबड्यावरची गाठ तेव्हा दुखरी नसेल तर रबराची जाड कडी नुसती तोंडात घालून, लगाम न जोडता, चारा खायला द्यायचा, इथपासून सुरुवात करू. चुलत्यांनी ती कडी आत्ताच मिरजेहून आणून ठेवली आहे.